एक्झिमा असलेला मुलगा चिडका झालाय, शाळेत लक्ष नसतं. समुपदेशकाकडे न्यावं का?

न्या, पण आधी त्याची झोप बघा. सात वर्षांचा मुलगा हात उगारतो, बाईंच्या तक्रारी येतात, हे सगळं तुम्ही लिहिलंय. रात्रीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

एक्झिमाची खाज रात्री जास्त चढते. पांघरुणात अंग तापलं की मूल अर्धवट झोपेत कोपराच्या आत, गुडघ्यामागे ओरबाडत राहतं. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके, नखांत खपल्या. जाग आली नसली तरी गाढ झोप मोडलेली असते. झोप न झालेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, ते सैरभैर होतं, एका जागी बसत नाही. मग शाळा थेट एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याच्या नि अतिचंचलतेच्या विकाराचं, नाव घेते. त्यात गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध चालू असेल तर दिवसाही डोकं जड.

खाज आटोक्यात का येत नाही? कारण घरोघरी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं मलम अत्तरासारखं लावतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. त्याहून कमी लावून 'गुण येत नाही' म्हणू नका. कोमट पाण्यात ५ ते १० मिनिटं अंघोळ, अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर. अंगभर कोरडेपणा असेल तर आठवड्याला २५० ग्रॅम संपायला हवं.

'खाजवू नको' हे ओरडणं बंद करा. खाजवलं की आई स्वयंपाकघरातून धावत येते, हे पोराला चटकन कळतं. त्याऐवजी मूठ घट्ट आवळून ३० सेकंद थांबायचं, तरी खाज उरली तर नख न ओढता नुसतं दाबायचं, हे शिकवा. जमलं की तेव्हाच कौतुक करा. वर्गशिक्षिकेला सांगा की एक्झिमा एकमेकांना लागत नाही. शेजारी बसायला मुलं नकार देतात तेव्हा निम्मी चिडचिड तिथून घरी येते.

आणि 'स्टेरॉइडनं मूल चिडकं होतं' म्हणणाऱ्या नातेवाइकांना एकदा स्पष्ट सांगा: मूड बिघडतो तो पोटातल्या गोळ्यांनी. डॉक्टरांनी नीट मोजून दिलेल्या मलमाला त्यात ओढू नका. उटणं नि कडुनिंबाचा पाला चोळून चिघळलेल्या कातडीबद्दल मात्र हेच लोक गप्प असतात.

अर्थात दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली तीव्र मलमं चेहऱ्याला लावायची नाहीत. आणि मूल शाळेत जायलाच तयार नसेल, मरणाची भाषा करत असेल, तर झोपेबिपेचा हिशोब राहू द्या, आधी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा.