पिकअप बदलण्याआधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या

प्रश्न : माझ्याकडे आठ हजारांची स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे. पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग) तीन, सगळे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे. गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना गेन वाढवला की घुर्र आवाज येतो. ब्रिजचा (तारा अडकवलेल्या टोकाजवळचा) पिकअप कर्कश लागतो आणि जाड तारांचे सूर डळमळतात. तिन्ही पिकअप बदलू का? घरी जमेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तिन्ही एकदम बदलू नका. जाड तारांचे सूर डळमळतात ते बहुधा पिकअप तारांच्या फार जवळ असल्यामुळे. चुंबक तारेला ओढतो आणि कंप बिघडतो. तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धरा. पिकअपच्या खुंटापासून (वर दिसणाऱ्या चुंबकाच्या टोकापासून) जाड तारेखाली सुमारे 2 मिमी, बारीक तारेखाली 1.6 मिमी अंतर ठेवा. हे पिकअपच्या दोन बाजूंच्या स्क्रूंवर होतं.

घुर्र आवाजाचं मात्र नीट समजून घ्या. महागडा सिंगल कॉइलही घुरघुरतोच. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर अर्थिंगची तार शाबूत आहे, कमी आहे ती शिल्डिंगची, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची. काहीच फरक पडला नाही तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगच्या पट्टीला जोडलेली तार बघा. स्वस्त गिटारीत तो टाका सुटलेला असू शकतो. शिल्डिंगसाठी तांब्याची चिकटपट्टी आतल्या खाचेत लावून ती अर्थला जोडा. पट्टीचा गोंदही वीजवाहक हवा, नाहीतर तुकड्यांमधून वीज एकमेकांकडे जात नाही.

एवढं करूनही कर्कशपणा राहिला तर फक्त ब्रिजचा पिकअप बदला. तिथे सिंगल कॉइलच्या मापाचा हमबकर (घुरघुर मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) घ्या : घुरघुर त्याच जागी मरते, आवाज भरदार होतो. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रोधक) 250 के, म्हणजे किलोओहम, असेल तर तोच राहू द्या. 500 केने आवाज अजून चिरका होईल. खरेदीआधी जुन्या पिकअपच्या पहिल्या आणि सहाव्या खुंटातलं अंतर मोजा. 50 आणि 52 मिमी अशी दोन्ही मापं मिळतात.

घरी नक्की जमेल. आतल्या वायरी काढण्याआधी जोडणीचा फोटो घ्या. 40 वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन असलेली 60/40 सोल्डर वायर पुरते. अॅसिडची पेस्ट अजिबात नको, टाके गंजतात. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा. 25 वॅटच्या आयर्नने पाठ तापायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आतली कार्बनची पट्टी जळते. टाका चकचकीत दिसला पाहिजे. करडा, दाणेदार दिसला तर तो कच्चा, परत तापवा. हमबकरला चार तारा असतील तर रंग त्या कंपनीच्या तक्त्यावरूनच जुळवा, प्रत्येकीचे रंग वेगळे असतात.

पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पाटी) बसवण्याआधी ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र लावून ऐका. आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन पिकअपचे आवाज एकमेकांना मारतात : नव्या पिकअपची गरम (सिग्नलची) आणि अर्थची तार अदलाबदल करा. आवरणाची उघडी तार वेगळी असेल तर ती मात्र अर्थलाच राहू द्या.