आधी क्रॅपी, मग बास

अरे भाच्या,

तुझा फोटो बघितला. डबाभर लुअर्स (नकली आमिषं), दोन महागडे बेटकास्टर (बास धरायचे रीळ-रॉड) आणि मासा एकही नाही. हसलो नाही रे, म्हणजे थोडा हसलो, कारण डॅलसला आलो तेव्हा मीही हेच केलं होतं.

लेक फोर्कला, आपल्या टेक्सासमधल्या या तलावावर, कॅलेंडर बघून जाऊ नकोस, पाण्याचं टेंपरेचर बघून जा. एका मार्चमध्ये मी मस्त ऊन बघून निघालो, पण आदल्या रात्री उत्तरेचा गार वारा सुटलेला, आणि आठवड्यापूर्वी जिथे मासे नुसते उसळत होते तिथे चिटपाखरू नाही, दिवसभर डबा खाऊन परत. मासे कुठे जात नाहीत, जरा खोलात सरकून गप्प बसतात. पाणी 55 फॅरनहाइटच्या वर चढायला लागलं की ते ओढ्यांच्या तोंडाशी येतात, 60-65 झालं की अंडी घालायला काठाला. उत्तरेकडचे कोपरे आधी तापतात, तिथे तो वारा लागत नाही. तिथूनच सुरुवात कर.

आणि पहिलं वर्ष बासचं, म्हणजे त्या मोठ्या शिकारी माशाचं, वेड सोड, क्रॅपी हा छोटा चपटा मासा धर. टेक्सासचा रेकॉर्ड बास, 18.18 पौंडांचा, याच तलावात 1992 च्या जानेवारीत बॅरी सेंट क्लेअरला मिळाला, आणि तो माणूस तेव्हा मिनो (आमिषाची छोटी जिवंत मासळी) लावून क्रॅपीच धरत होता! बघ आता.

क्रॅपीची नजर वर असते, म्हणून मासा जिथे आहे त्याच्या फूटभर वर मिनो लटकव, खाली नाही. बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, दरवेळी बुडतो असं नाही हां, क्रॅपी मिनो घेऊन वर उठला की वजन जातं आणि बॉबर पाण्यावर आडवा पडतो, नवीन माणूस बुडायची वाट बघत बसतो आणि मासा मिनो खाऊन जातो. आडवा झाला की नुसतं मनगट उचल. झटका दिलास तर ओठ फाटतो, कागदासारखा असतो. गळ बारीक तारेचा घे, पाण्यात बुडालेली झाडं एवढी आहेत की अडकणारच, मग सावकाश ओढ, तार सरळ होऊन सुटते, पक्कडीने परत वाकव आणि चालू.

डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर इथे धरलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो, साइज काही असो, कारण खोलातून काढलेला सोडूनही जगत नाही. मार्चपासून 10 इंचांखालचा सोडायचा, दिवसाला 25 खूप झाले. बास 16 ते 24 इंचांच्या मधला असेल तर परत पाण्यात. आणि अंड्यांच्या खड्ड्यावर राखण करणारा नर बास धरलास तर फोटोबिटो पटकन उरक, तो बाजूला झाला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी फस्त करतात, माझ्या डोळ्यांदेखत केलीत.

एप्रिलच्या क्रॅपीत गाभोळी असते, इथले लोक बऱ्याचदा फेकून देतात, मला बघवत नाही. हळद, तिखट, मीठ, कोकम लावून रव्यात तळ, आईला फोटो पाठव.

मासेमारीचं लायसन्स काढलंस ना? शनिवारी सहाला घ्यायला येतो, मिनो मी आणतो, तू ते बेटकास्टर घरीच ठेव.

मामा