घटस्फोट आमचा, मग वकील कशाला?

यावेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्हीत मूळ प्रश्न एकच, वकील लावायलाच हवा का? पण उत्तरं तीन वेगळी आहेत, म्हणून एकत्र देतेय.

प्रश्न : ताई, मी ३३ वर्षांची, पुण्यात असते. नवरा आणि मी दोघंही आयटीत. लग्नाला पाच वर्षं झाली, मूलबाळ नाही, गेले १४ महिने मी आईकडे आणि तो आमच्या फ्लॅटवर राहतो. आता भांडायलाही काही उरलं नाहीये, दोघांनाही मोकळं व्हायचंय. एका वकिलांनी दोघांचे मिळून ऐंशी हजार सांगितले, वर म्हणाले सहा महिने थांबायची गरज नाही, दोन महिन्यांत करून देतो. नवरा म्हणतो सह्याच तर करायच्यात, आपणच करू की. खरंच होतं का असं? फ्लॅटवर आणि लोनवर दोघांचीही नावं आहेत.

उत्तर : होतं. मी बरीच वर्षं फॅमिली कोर्टात समुपदेशक म्हणून काम केलंय, आणि नवराबायको दोघंच फाइल घेऊन आलेत, वकील नाही कोणी नाही, असं मी कितीदा बघितलंय. आणि ते काही आडवाटेने नाही बरं का, उलट १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १३ मध्येच लिहिलंय की या कोर्टात वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, वकील हवा असेल तर परवानगी मागावी लागते. ती बहुतेक वेळा मिळते म्हणून लोकांना वाटतं वकील कंपल्सरी आहे. तुम्ही 'पक्षकार स्वतः' म्हणून उभं राहायचं, बस.

तुमचा अर्ज हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३ ब खाली, म्हणजे परस्पर संमतीचा. (लग्न रजिस्टर पद्धतीने स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं असेल तर त्याचं कलम २८, बाकी रीत तशीच.) अट एक, की अर्जाच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. तुमचे १४ महिने झालेत, म्हणजे ते बसलं. अर्ज मराठीत लिहिलात तरी चालतो, खालच्या कोर्टांची भाषाच मराठी आहे आपल्याकडे, उगाच इंग्रजीतला नेटवरचा नमुना उतरवून त्यात दिल्लीचा पत्ता तसाच ठेवू नका, हसू नका, असे अर्ज आलेले आहेत. त्यात लग्नाची तारीख नि ठिकाण, लग्नाआधीचं तुमचं नाव, दोघांची वयं आणि पत्ते, शेवटचं एकत्र कुठे राहिलात, कधीपासून वेगळे आहात, मूल नाही हे, दुसरी कुठली केस चालू नाही हे, आणि कोणाच्या दबावाशिवाय आलोय हे, एवढं साधं सरळ यायला हवं. सोबत लग्नाचा दाखला, नसेल तर पत्रिका आणि फोटो, दोघांचे आधार, पासपोर्ट साइज फोटो, आणि दोघांची वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं. किती प्रती, कुठल्या क्रमाने लावायच्या ते फायलिंगच्या खिडकीवर जाऊन आधी विचारून या, तिथे एक फेरी फुकट गेली तर पुढच्या तीन वाचतात. छाननीत त्रुटी काढतीलच, एक दोन तर निघतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, वकिलांच्याही निघतात.

अर्जाला नंबर पडला की पुढे समुपदेशकाकडे पाठवतात. आमच्या खोलीत आलं की लोक आधी घाबरतात, यांना वाटतं आता ही बाई आम्हाला परत नांदायला लावणार. तसं नसतं हो. आम्ही दोघांना एकत्र आणि वेगवेगळं बसवून एवढंच बघतो की दोघांची मर्जी खरी आहे ना आणि अटी दोघांना नीट कळल्यात ना. कागदावर 'सर्व काही मिळाले' आणि तोंडाने 'दागिने अजून सासूबाईंकडेच आहेत' असं निघालं की मग थांबवावं लागतं. नंतर तारीख पडते आणि मग कायद्याने थांबायचे ते सहा महिने.

आता त्या 'दोन महिन्यांत करून देतो' विषयी. सहा महिने माफ होऊ शकतात हे खरंय, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या केसमध्ये सांगितलं की ही मुदत न्यायाधीश माफ करू शकतात. पण त्यासाठी कोर्ट साधारण काही अटी बघतं, पहिली अशी की अर्ज टाकायच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं असावं, आणि समेटाचे प्रयत्न संपलेले, देणंघेणं मिटलेलं असावं. तुमचे १४ महिनेच झालेत. म्हणजे माफी पाहिजे तर अजून चार महिने घरी बसून मग अर्ज टाकायचा, त्यावर माफीचा वेगळा अर्ज, त्याच्या तारखा. आणि आजच टाकलात तर सहा महिन्यांनी सरळ नंबर लागतो. हिशोब करून बघा, फरक जवळपास काहीच पडत नाही. ज्याने तुम्हाला हा हिशोब न सांगता दोन महिन्यांचा आकडा सांगितला त्याला ऐंशी हजार कशाचे द्यायचे हा प्रश्न मलाही पडला.

आणि दिल्लीकडच्या व्हिडिओत फर्स्ट मोशन, सेकंड मोशन असे दोन वेगळे अर्ज दाखवतात, ते बघून गोंधळू नका. आपल्याकडे अर्ज एकच असतो, सहा महिने झाले की त्यातच पुढे जबाब होतात. दोघांनी त्या दिवशी हजर राहायचं, न्यायाधीश विचारतात स्वखुशीने आलात का, विचार बदललाय का, आणि तिथेच साधारण निकाल. अर्ज टाकल्यापासून अठरा महिन्यांच्या आत हे करून घ्या, फाइल तशीच पडू देऊ नका. मधल्या काळात दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, अगदी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश, होईपर्यंत, हे मात्र डोक्यात ठेवा. त्यामुळे एकरकमी काही देणंघेणं असेल तर सगळं पहिल्याच दिवशी देऊन मोकळं होऊ नका, थोडं अर्जाच्या वेळी आणि उरलेलं शेवटच्या तारखेला डीडीने कोर्टातच, ही जुनी रीत आहे आणि ती शहाणी आहे.

मग वकील कुठे लागतो? फ्लॅटला. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण पत्रात तुम्ही ते शेवटच्या ओळीत टाकलंय आणि मला तीच ओळ सगळ्यात जड वाटली. अर्जात तुम्ही लिहाल 'फ्लॅट नवऱ्याचा, पुढचे हप्ते तोच भरेल', कोर्ट ते मान्यही करेल, पण बँक त्या करारात कुठे आहे? लोनवर तुमची सही आहे तोपर्यंत त्याने हप्ता चुकवला की फोन तुम्हाला येणार आणि सिबिल तुमचं खराब होणार, घटस्फोटाचा कागद बँकेला दाखवून काही उपयोग नाही. म्हणून आधी दोघांनी बँकेत जा, त्याच्या एकट्याच्या पगारावर लोन बसतं का ते लेखी घ्या. बसत नसेल तर फ्लॅट विकायचा की काय ते अर्जाआधी ठरवा. आणि फ्लॅटवरून नाव काढायचा दस्त, बक्षीसपत्र म्हणा हक्कसोडपत्र म्हणा, तो रजिस्टर करावा लागतो. नवराबायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण ती नवराबायको असेपर्यंतच ना, हुकूमनामा झाला की तुम्ही कायद्याने परके. तेव्हा दस्त कधी करायचा याची वेळ साधावी लागते, फार आधी केला आणि त्याने संमती फिरवली तर तुम्ही घर देऊन बसलात. या एवढ्या एका कामासाठी, म्हणजे अटींचा मसुदा आणि तो दस्त, एखाद्या वकिलाला तासाची फी देऊन दाखवा. उभं राहायला नको, वाचायला लावा.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही सांगली जिल्ह्यातले. माझ्या धाकट्या बहिणीचं २०१९ मध्ये पंचांसमोर शंभरच्या स्टॅम्पवर फारकतपत्र केलं, नोटरीचा शिक्का आहे, दोघांच्या सह्या आहेत. नवऱ्याने दुसरं लग्न पण केलं. आता बहिणीला चांगलं स्थळ आलंय. परत कोर्टात जायला लागतं का? वकिलाचा खर्च झेपणार नाही.

उत्तर : दादा, स्पष्टच सांगते, तो कागद घटस्फोट नाही. नोटरी फक्त सही कोणाची हे बघतो, लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही आणि पंचांनाही नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ ती रूढी मानतं हे खरं, पण ती रूढी तुमच्या समाजात पूर्वापार चालत आलीय हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं, स्टॅम्पवर लिहून होत नाही. म्हणजे आज बहीण कायद्याने त्याचीच बायको आहे. याच स्थितीत दुसरं लग्न लावलंत तर ते लग्न रद्दबातल, आणि वर गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या नवऱ्याने आधीच ते करून ठेवलंय ही गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर तीच तुमच्या उपयोगाची, कारण कोर्टात येऊन सही करायची गरज आता तुमच्यापेक्षा त्याला जास्त आहे.

कागद फाडू मात्र नका. २०१९ पासून वेगळे आहेत याचा तो पुरावा आहे, आणि दीड वर्षाची अट केव्हाच संपली, म्हणजे सहा महिने माफ करायला तुमची केस पुण्याच्या त्या ताईंपेक्षा मजबूत. जवळ फॅमिली कोर्ट नसेल तर अर्ज दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर इथे. बहीण जिथे राहते तिथलं कोर्ट चालतं, सासरच्या गावी जायला नको.

आणि वकील न लावता करू नका, तुम्हाला वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, दाखला मागितला तर सांगा की बाईला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाही सापडलं तर १५१०० ला फोन लावा. घटस्फोटाच्या केसला महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फीही माफ आहे. स्थळवाल्यांना मात्र आत्ताच खरं सांगून टाका, थांबतील ते, आणि नाही थांबले तर नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

प्रश्न : नवरा सही द्यायला तयार नाही. मी एकटीच अर्ज टाकून स्वतःच केस लढू शकते का? यूट्यूबवर सगळं आहे. - नाशिक

उत्तर : कायदा अडवत नाही. पण संमतीचा अर्ज म्हणजे फॉर्म भरणं आणि एकतर्फी अर्ज म्हणजे भांडण, यात फार अंतर आहे. तुम्हाला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं असं काहीतरी कारण सिद्ध करावं लागणार, साक्ष द्यावी लागणार, आणि समोरचा वकील तुमचीच उलटतपासणी घेणार, तुमच्या जुन्या मेसेजवरून, तुमच्या माहेरावरून, आणि तेव्हा स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच वकील असं होत नाही हो, मी भल्या शिकलेल्या बायका तिथे रडवेल्या झालेल्या पाहिल्यात. वरच्या उत्तरातला १५१०० नंबर तुम्हालाही लागू आहे. तोवर एक काम करा, पोटगीचा अंतरिम अर्ज, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीसाठीचा, सोबतच टाकायला सांगा, आणि पगाराची स्लिप, बँकेची स्टेटमेंट, दागिन्यांच्या पावत्या घरातून निघण्याआधी फोटो काढून मेलवर ठेवा, नंतर त्या घरात शिरता येईल न येईल.

पुण्याच्या ताईंसाठी राहिलंच, हुकूमनामा झाला की त्याच आठवड्यात नक्कल अर्ज टाकून सर्टिफाइड कॉपी काढा आणि तीन चार काढा, पासपोर्टला एक लागते, बँकेला एक, आणि एक हमखास कुठेतरी हरवते.