स्फेरॉइडला रेडिएशन देण्याआधी
अगं, स्फेरॉइड, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला कॅन्सरच्या पेशींचा गोळा, छान गोल दिसला म्हणून लगेच रेडिएशनला नेऊ नकोस. आधी व्यास मोज. ऑक्सिजन पेशींच्या थरांतून साधारण 150 ते 200 मायक्रॉनच आत पोहोचतो. म्हणून 200 मायक्रॉनचा गोळा आणि 500 चा गोळा ही दोन वेगळी मॉडेल्स समज. मोठ्याच्या आत ऑक्सिजनला मुकलेल्या पेशी असतात आणि त्या मारायला अडीच-तीनपट डोस लागू शकतो. खऱ्या कॅन्सरच्या गाठीतही हेच घडतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप! कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली प्लेटही मशीनपर्यंत ने, तेवढाच वेळ बाहेर ठेव, फक्त बीम देऊ नकोस. मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलताना पिपेटचं टोक कडेला टेकव. आणि गोळा आकसला तरी प्रयोग थांबवू नकोस. पुढचे दोन-तीन आठवडे तो पुन्हा वाढतोय का, ते बघत राहा.