एनएफएस (नेटवर्कवरून सर्व्हरच्या फाइल्स वापरायची पद्धत) माउंटसाठी, म्हणजे सर्व्हरचा फोल्डर आपल्या मशिनला जोडताना, डिफॉल्ट काय ठेवावं? टीसीपी की यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती; हरवलेलं परत पाठवते ती टीसीपी), टाइमो (उत्तराची वाट बघायचा वेळ) किती, आरसाइझ (एका वेळी वाचायचे बाइट; लिहायचे ते डब्ल्यूसाइझ) किती?

तुमचा सेटअप असा दिसतो: वागळे इस्टेटच्या ऑफिसात लिनक्सचा एनएफएस सर्व्हर, तिथली दहा-बारा मशिन्स, महापेची शाखा व्हीपीएनवरून. एफस्टॅबमधली (माउंटची यादी ठेवणारी फाइल) जुनी ओळ 'यूडीपी, आरसाइझ ८१९२, डब्ल्यूसाइझ ८१९२, सॉफ्ट, टाइमो १०'. नव्या मशिन्सना हीच द्यावी का?

नको. पाचही पर्याय काढून टाका. मी फक्त 'टीसीपी, हार्ड' लिहीन (हार्ड म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत थांबायचं, सॉफ्ट म्हणजे काही वेळानं एरर देऊन सोडून द्यायचं). तेही नाही लिहिलं तरी चालतं, लिनक्स आपणहून तेच धरतो.

आधी यूडीपी. एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १५०० असेल तर ८ केबीचा डेटाग्राम (यूडीपीचं एक पार्सल) सहा तुकड्यांत जातो आणि एक हरवला की सहाही बाद. महापेला संथ चालतं त्याचं एक कारण हेच असू शकतं. पण संथपणा परवडला. आयपी प्रत्येक डेटाग्रामला देतो तो ओळख क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ डेटाग्रामनंतर तेच नंबर परत. गिगाबिट लाइन भरून वाहत असेल तर सेकंदाला साधारण १५,००० डेटाग्राम होतात, साडेचार सेकंदांत फेरा पुरा. आणि लिनक्स अर्धवट तुकडे ३० सेकंद सांभाळून ठेवतो! जुना तुकडा नव्याला चिकटतो, चेकसम (डेटा शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) कधीतरी योगायोगानं जुळतो, फाइल बिघडते आणि लॉगमध्ये अवाक्षर नसतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ पासून एनएफएस क्लायंटमधला, म्हणजे माउंट करणाऱ्या मशिनवरचा, यूडीपी डिफॉल्टनं बंद आहे, त्यामुळे नव्या मशिनवर ही ओळ बहुधा माउंटच होणार नाही. बरंच आहे ते.

टाइमोचं एकक सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे तुमचे १० हा एकच सेकंद! टीसीपीला डिफॉल्ट ६०० आहे, पूर्ण मिनिट. हरवलेलं परत पाठवायचं काम टीसीपी करतोच, एनएफएसनं मध्ये घाई करायची गरज नाही. एक सेकंद आणि वर सॉफ्ट, म्हणजे सर्व्हरची डिस्क जरा अडली की प्रोग्रॅमच्या हातात आयओ एरर (वाचणं-लिहिणं फसल्याची खूण). बरेच प्रोग्रॅम तो तपासत नाहीत आणि ड्रॉइंग अर्धंच सेव्ह होतं. हार्डमध्ये सर्व्हरची वीज गेली तर मशिन्स ताटकळतील, लोक ओरडतील, पण सर्व्हर परत आला की काम तिथूनच पुढे चालू होतं.

आरसाइझ-डब्ल्यूसाइझ लिहूच नका. दोन्ही बाजू आपसांत ठरवतात, सहसा १०,४८,५७६ बाइटपर्यंत. 'एनएफएसस्टॅट -एम' नं ठरलेला आकडा बघा. तो २,६२,१४४ वगैरे आला तर सर्व्हरची रॅम तपासा: सर्व्हर ही मर्यादा रॅमच्या ४०९६व्या भागावर बेततो, १ जीबीला २५६ केबी.

जम्बो फ्रेम (१५०० ऐवजी ९००० चा एमटीयू) चालू केल्या असतील तर 'पिंग -एम डू -एस ८९७२' (इथला एम कॅपिटल, एस स्मॉल) दोन्ही दिशांनी चालवा. मधला एखादा स्विच १५०० वर राहिला की लहान फोल्डरचं 'एलएस' (फाइल्सची यादी) झटकन येतं आणि मोठी फाइल कॉपी करताना सगळं गोठतं.

महापेसाठी 'एनकनेक्ट ४' (एकाच सर्व्हरला चार टीसीपी जोडण्या) करून बघा (कर्नल ५.३ पासून आहे, कमाल १६). मात्र त्याच सर्व्हरचा दुसरा माउंट आधीपासून चालू असेल तर हा आकडा लागू होत नाही. रिमाउंट पुरत नाही, सगळे अनमाउंट करून मग लावा.