एमएसडब्ल्यूनंतर मदतकार्यातलं मानसिक आरोग्याचं काम: आधी दुभाष्यासोबत बसायला शिका

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: घर दांडिया बाजारात, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) शेवटचं सत्र चालू, पुढे सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता होऊन निर्वासितांत किंवा आपत्तीग्रस्तांत काम करायचंय, तर आत्ता ट्रॉमा काउन्सेलिंगचं ऑनलाइन सर्टिफिकेट घ्यावं का? घेऊ नका. पैसे वाचवा, त्यातून पासपोर्ट काढा आणि फ्रेंच नाहीतर अरबीचा वर्ग लावा.

आधी पदवीचं बघू. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नुसत्या एमएसडब्ल्यूवाल्याला सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हटलेलं नाही. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी हवीच, शिवाय सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल हवं आणि त्यात देखरेखीखालचं क्लिनिकल काम हवं. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीचं सीआयपी या मानसिक आरोग्याच्या संस्था ही त्यासाठीची जुनी ठिकाणं. गोम अशी की यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद केलं, आणि हा अभ्यासक्रम व क्लिनिकल सायकॉलॉजीचा, अशा दोघांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. म्हणून फॉर्म भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा: पदवीवर नाव काय छापणार, आणि ती कायद्यातल्या व्याख्येत बसते का? तोंडी उत्तरावर दोन वर्षं लावू नयेत.

आता कामाचं स्वरूप. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तंबूत समोरासमोर बसून होणारं समुपदेशन असतं. प्रत्यक्षात बाहेरून आलेल्या माणसाने रुग्ण कमी बघायचे असतात आणि तिथल्या समुपदेशकांना उभं करायचं असतं. आयएएससी या मदतसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय समन्वय समितीच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चार थरांचा पिरॅमिड आहे: तळाशी अन्न, पाणी, निवारा आणि सुरक्षितता, वर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्यांची मदत, टोकाला तज्ज्ञ सेवा. तुमची खुर्ची तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये. तिसऱ्या थराचं ठरलेलं साधन म्हणजे डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस: दर आठवड्याला एक अशा पाच भेटी, प्रत्येक दीड तासाची, आणि त्या घेणारे स्थानिक, मानसोपचाराची पदवी नसलेले लोक. हे बिघडतं ते प्रशिक्षणात नाही, नंतर. प्रशिक्षणाचे फोटो निघतात आणि आठवड्याची देखरेखीची बैठक तिसऱ्या आठवड्यात गळते. मग मदतनीस सल्ले वाटू लागतो, "घरात बसू नका, बाहेर पडा". बैठकीत तुम्ही त्याच्याकडून काढून घ्यायचं ते असं: "मंगळवारी सकाळी शेजारणीबरोबर पाणी भरायला जाणार." वार, वेळ, सोबत कोण. यातलं एक जरी सुटलं तरी पुढच्या भेटीत "जमलं नाही" ऐकू येतं.

दुभाष्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

आपण बडोदेकर घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, वॉर्डात हिंदी आणि फाइलीत इंग्रजी वापरतो. हा फायदाही आहे आणि फसगतही. ओपीडीत बाई म्हणते "गभरामण थाय छे" (घाबरल्यासारखं होतंय), फाइलीत जातं एंग्झायटी. छातीत धडधड, उपाशी पोटामुळे आलेली चक्कर की सासऱ्याची धास्ती, हे त्या एका शब्दात गडप होतं. परक्या भाषेत तर हे गडप झाल्याचंही तुम्हाला कळत नाही.

सर्वांत धोक्याचा प्रश्न आत्महत्येचा. तुम्ही स्पष्ट विचारता, "जीव द्यावासा वाटतो का?" दुभाष्याला ते तोंडातून काढायला संकोच वाटतो, तो विचारतो, "तसलं काही मनात येत नाही ना?" यावर कोणीही "नाही" म्हणेल. फाइलीत धोका नाही अशी नोंद होते आणि सही तुमची असते. म्हणून भेटीआधी पंधरा मिनिटं द्या, हा प्रश्न शब्दशः त्याच्याकडून म्हणवून घ्या, आणि दुसऱ्या कुणाकडून त्याचं उलट तुमच्या भाषेत भाषांतर करून घ्या. बसताना तिघांचा त्रिकोण, बोलताना तुमची नजर रुग्णाकडे. एका वेळी दोन वाक्यं, जास्त नाही. दुभाष्याने "मला झोप येत नाही" असंच सांगायचं, "ती म्हणते तिला झोप येत नाही" असं नाही. रुग्ण तीन मिनिटं बोलली आणि तुमच्यापर्यंत "ठीक आहे म्हणते" एवढंच आलं तर थांबा, पुन्हा विचारा. नातेवाइकाला शक्यतो दुभाषा करू नये, मुलाला तर कधीच नाही. आणि भेट संपल्यावर त्याच्याशी दहा मिनिटं बोला. तोही बहुधा त्याच गावातून पळून आलेला असतो.

टोकाच्या थरात घोटाळा वेगळाच होतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलेलं तुम्ही पाहिलंय. अशा वेळी गादी-फ्रिजबरोबर गोळ्यांची पाकिटं आणि केसपेपरही जातात. आकडीचं औषध एकदम थांबलं तर लागोपाठ झटके येऊ शकतात. स्किझोफ्रेनियाचं थांबलं तर काही आठवड्यांत आजार उलटू शकतो आणि लोक म्हणतात, "पुराचा धक्का बसला." म्हणून पहिल्या आठवड्यात छावणीत विचारायचं ते "कोण घाबरलंय" नाही, तर "कोणाच्या रोजच्या गोळ्या संपल्यात". तिसरा गट दारूबंदीच्या राज्यात शिकल्यामुळे आपल्याकडून सुटतो: पुरवठा तुटला की रोज पिणाऱ्याला दोन-चार दिवसांत कंप, भास, असंबद्ध बडबड. ते जिवावर बेतू शकतं, तिथे समुपदेशन नाही, डॉक्टर लागतो.

दोन गोष्टी करू नका. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोलात बसवून "काय झालं ते सांगा" म्हणणं, म्हणजे एका बैठकीचं डीब्रीफिंग: डब्ल्यूएचओ ते करू नये म्हणते. आणि शोकात असलेल्याला झोपेची गोळी मिळवून देण्यासाठी धावाधाव. पाहा, ऐका, जोडा या मानसिक प्राथमिक उपचाराच्या तीन पायऱ्यांत "जोडा" सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी. रेशन कुठे, हरवलेल्यांची नोंद कुठे, दवाखाना किती वाजता, याची वही रोज सकाळी तपासावी लागते, कारण कालचा दवाखाना आज हललेला असतो.

इथे बसून तयारी काय? पदवीनंतर निदान दोन वर्षं रुग्णसेवेत घालवा. कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय असो की एखादं जनरल हॉस्पिटल, तीव्र आजाराचे रुग्ण नेमाने दिसले पाहिजेत. पहिल्या दिवसापासून नावाशिवाय आकड्यांची वही ठेवा: आठवड्याला नवे रुग्ण किती, पाठपुराव्याचे किती, मध्येच सुटलेले किती आणि का, कोणत्या भाषेत, किती विद्यार्थ्यांच्या कामावर देखरेख केली. बायोडाटात "रुग्णांचे समुपदेशन केले" या ओळीला किंमत नाही, या आकड्यांना आहे.

मुलाखतीत शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतात. तेव्हा पगाराआधी हे विचारा: माझ्या कामावर क्लिनिकल देखरेख कोण ठेवणार, किती दिवसांनी, आणि जवळचा मानसोपचारतज्ज्ञ किती तासांवर आहे? पहिल्याचं उत्तर "तुम्हीच तर तज्ज्ञ" असं आलं, तर दुसरी जाहिरात शोधा.