अष्टंब्याचा अश्वत्थामा: मिथक, इतिहास की ऐतिह्य?

शहाद्याच्या एका वाचकाने विचारले आहे: "दिवाळीत आमच्या भागातून अष्टंब्याच्या यात्रेला माणसे जातात. अश्वत्थामा त्या डोंगरात अजून फिरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, असे सांगतात. घरातली पोरे म्हणतात, हे मिथक आहे. काका म्हणतात, हा इतिहास आहे. बरोबर शब्द कोणता? आणि अशा कथांच्या मुळाशी खरेच काही घडलेले असते का?"

'मिथक' आधी बाजूला काढू, कारण या शब्दाचे सध्या जे चालले आहे ते ऐकवत नाही. 'मिथ'वरून हा शब्द हिंदीत घडवला गेला. त्याचे श्रेय हजारीप्रसाद द्विवेदींना देतात. समीक्षेत त्याला नेमका अर्थ आहे: एखाद्या समाजाने पवित्र मानलेली, जगाचे कोडे उलगडू पाहणारी कथा. ग्रीक 'म्यूथोस' म्हणजे बोल, सांगणे, गोष्ट. आपल्या 'मिथ्या'शी त्याचे नाते नाही, पण कानाला ते वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. दवाखान्याच्या भिंतीवर 'मधुमेहाविषयी पाच मिथके' अशी पाटी असते. अहो, त्याला मराठीत गैरसमज म्हणतात! खेड्यातल्या आजीलाही कळणारा शब्द हाताशी असताना हा उसना अर्थ कशाला? त्यामुळे पोरे 'मिथक' म्हणतात तेव्हा त्यांना 'खोटे' एवढेच म्हणायचे असते.

'दंतकथा' म्हणजे तोंडोतोंडी चालत आलेली, लिखित आधार नसलेली कथा. खरी की खोटी, हे त्या शब्दात कुठेच नाही. 'इतिहास'ची फोड (इति, ह, आस: असे खरोखर होते) शाळेतच होते, म्हणून ती सोडतो. मला सांगायचे आहे ते त्याच्या विसरलेल्या भावाबद्दल: ऐतिह्य.

'इतिह' म्हणजे 'असे म्हणतात बरे का'. त्याला प्रत्यय लागून 'ऐतिह्य' होते, हे पाणिनीने सूत्रातच (५.४.२३) सांगितले आहे. न्यायभाष्यात, म्हणजे न्यायसूत्रांवरच्या टीकेत, वात्स्यायन त्याचे लक्षण देतो: अनिर्दिष्टप्रवक्तृकं प्रवादपारंपर्यम्. म्हणजे पहिला सांगणारा कोण हे ठाऊक नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. नंतरचा टीकाकार वाचस्पतिमिश्र याचे उदाहरण तर बघा: 'या वडावर यक्ष राहतो.' खानदेशातल्या कोणत्याही गावात जा, असा एक वड निघतोच. वाचस्पती पुढे म्हणतो की सांगणारा अज्ञात, म्हणून हे ज्ञान संशयित; सांगणारा भरवशाचा ठरला तर मात्र ते आप्तवाक्य, म्हणजे विश्वासू माणसाचे प्रमाण वचन. संशयित म्हटले आहे, खोटे म्हटलेले नाही! एका शब्दात केवढा विवेक साठवलेला आहे.

त्याहून जुनी गंमत यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात आहे. 'वृत्र म्हणजे कोण? मेघ, असे नैरुक्त (शब्दांची फोड करणारे) म्हणतात. त्वष्ट्याचा पुत्र असुर, असे ऐतिहासिक म्हणतात.' काका-पुतण्यांचा हा वाद त्या काळीही होता! तेव्हाचे 'ऐतिहासिक' म्हणजे कथा घडलीच असे मानणारे. यास्काच्या मते मात्र पाणी आणि तेज एकत्र येऊन पाऊस पडतो, आणि इंद्र-वृत्राच्या युद्धाचे वर्णन ही उपमा आहे. आज तोच शब्द आपण पुराव्याने सिद्ध झालेल्या गोष्टीला लावतो, आणि क्रिकेटच्या प्रत्येक विजयालाही.

आता घटनेकडे. कधी कधी कथेत खरी घटना जपलेली असते. अमेरिकेतले क्लामथ लोक सांगतात की पाताळाचा देव आणि आकाशाचा देव लढले, डोंगर आत कोसळला आणि तिथे तळे झाले. भूवैज्ञानिक सांगतात की तो ज्वालामुखी, माउंट माझामा, सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी खरोखरच आत कोसळला. त्या भागात त्याच्या राखेच्या थराखाली माणसांची झाडसालीची पादत्राणे सापडली आहेत. म्हणजे पाहणारे तिथे होते.

पण आपल्याकडच्या बऱ्याच कथा घटनेतून नव्हे तर जागेतून निघाल्या आहेत. जळगाव जिल्ह्यात अडावदजवळच्या उनपदेवला दगडी गोमुखातून बारमाही कढत पाणी पडते. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला, म्हणून ते उफाळले, अशी कथा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगांतून खोलवर तापलेले पाणी वर येते, ही वस्तुस्थिती. नावातल्या 'उन'मध्ये मला तरी आपले 'ऊन पाणी'च ऐकू येते: उष्ण, प्राकृतात उण्ह, मग ऊन.

आणि तिसरा प्रकार, ज्याकडे पंडित लक्ष देत नाहीत: नावातून निघालेली कथा. खानदेश म्हणजे खांडववन, असे आजही व्याख्यानांत ठासून सांगतात. महाभारत उघडून बघावे: खांडववन यमुनेकाठी, इंद्रप्रस्थाशेजारी आहे. तापीकाठी ते आले केवळ 'खांड' आणि 'खान' यांच्या नादसाम्यामुळे. इथे राज्य केलेल्या फारुकी सुलतानांची 'खान' ही पदवी नावाचे मूळ म्हणून पुढे करणारे गॅझेटियरवाले निदान खऱ्या माणसांबद्दल बोलतात. १६०१ मध्ये अकबराने बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड घेतल्यावर शाहजादा दानियालच्या नावाने प्रांताला 'दानदेश' केले, तेही टिकले नाही.

असीरगडावरही अश्वत्थामा आहे, हे विसरू नका! तिथल्या शिवमंदिरात तो पहाटे फूल वाहून जातो म्हणे. इतिहासकार फरिश्ता गडाचे नाव आसा अहीर या गवळी सरदारावरून सांगतो. सातपुड्यात दोन डोंगर, असीर आणि अष्टंबा (कुणी अस्तंबा म्हणतात), दोन्हींची सुरुवात 'अस'-'अष्ट' अशी, आणि दोन्हींवर अश्वत्थामाच का? भीम का नाही, कर्ण का नाही? माझे ठाम मत आहे की नाव आधीचे, आणि त्या नादाने अश्वत्थामा मागून आला. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्णाने त्याला ३,००० वर्षे निर्जन प्रदेशांत एकटे भटकण्याचा शाप दिला, त्यामुळे असे दुर्गम डोंगर त्याला शोभलेही. मात्र तेल मागणे महाभारतात नाही. ती भर लोकांची: चढणीवर वाट चुकलेल्याला भेटणारा, जखमेला तेल मागणारा म्हातारा. महाभारतातल्या शापिताला इथल्या माणसांनी दया दाखवली, आणि मला तरी त्या कथेत हेच सर्वांत मोलाचे वाटते.

तेव्हा काकांना सांगा, इतिहास नाही. पोरांना सांगा, 'मिथक' म्हणून झटकून टाकू नका. यात्रेच्या पत्रकात 'दंतकथा' छापा, आणि छापणाऱ्याची तयारी असेल तर 'ऐतिह्य'.